झडप बदलण्यापूर्वी एक प्रश्न विचारा

आठवी-नववीतली मुलगी. मीरा रोड स्टेशनचा पूल चढता चढता मध्येच थांबते, कठड्याला धरून उभी राहते. मैत्रिणी पुढे निघून जातात. घरी आई म्हणते, "धड जेवत नाही, अंगात रक्त कुठून येणार?" मग गल्लीतल्या डॉक्टरकडून टॉनिकची बाटली येते, लोहाच्या गोळ्या येतात. सहा महिने, वर्ष असेच जाते. एके रात्री पोरीला आडवे झोपवत नाही. दोन उशा लावून बसवावे लागते, खोकला थांबत नाही. मग रिक्षा, धावाधाव, टू-डी इको, आणि डॉक्टर सांगतात, "हिचा व्हॉल्व्ह खराब झालाय. ऑपरेशन करावे लागेल."

वाचक बंधू-भगिनींनो, हे चित्र कुणा एका घरचे नाही. केईएम, नायर, सायन, जे.जे. यांपैकी कोणत्याही रुग्णालयाच्या हृदयविभागाबाहेरच्या बाकावर तासभर बसून पाहा. म्हातारी माणसे असतातच. पण त्यांच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली मुले असतात, कडेवर तान्हे मूल घेतलेल्या वीस-बावीस वर्षांच्या सुना असतात. हातात इकोची फाईल आणि तोंडावर एकच प्रश्न : खर्च किती? हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, तो आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. त्यासाठी हा लेख.

आपले हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. त्यात चार कप्पे आणि चार झडपा. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच झडपेचे काम. पण दिवसाकाठी ती लाखभर वेळा उघडते आणि मिटते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला मायट्रल म्हणतात. तिला दोन पाकळ्या. पाकळ्यांच्या कडांना बारीक पण चिवट दोऱ्या असतात आणि त्या खाली हृदयाच्या स्नायूला बांधलेल्या असतात. छत्रीचे कापड जसे काड्या धरून ठेवतात, तशा या दोऱ्या पाकळ्यांना धरून ठेवतात. पाकळ्या आखडल्या, दोऱ्या ताणल्या किंवा तुटल्या, की झडप नीट मिटत नाही आणि रक्त फुप्फुसाच्या बाजूला मागे फिरते. पाकळ्या एकमेकींना चिकटल्या तर दार पुरते उघडतच नाही. दोन्ही प्रकारांत फुप्फुसात रक्त तुंबते आणि माणसाला धाप लागते.

श्रीमंत देशांत झडप खराब होते ती बहुधा साठी-सत्तरीत, झिजून. आपल्याकडे ती विशीच्या आत खराब होते. दिल्लीच्या एम्समधील डॉ. एस. बी. रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात लिहून जगाचे लक्ष याकडे वेधले, की भारतात वीस वर्षांखालील मुलांचीही मायट्रल झडप कमालीची अरुंद झालेली आढळते. साठ वर्षे उलटून गेली. आजही जगात सुमारे साडेपाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि दरवर्षी साडेतीन लाखांहून अधिक त्याने दगावतात. त्यांतले बहुतेक गरीब देशांतले, गरीब वस्त्यांतले.

सुरुवात घशापासून

या आजाराचे मूळ हृदयात नाहीच. ते घशात आहे. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा एक जंतू पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा घसा धरतो. ताप येतो, गिळताना दुखते, गळ्याला गाठी लागतात. चार-पाच दिवसांत घसा बरा होतो आणि आपण विसरून जातो. पण काही मुलांच्या शरीराची या जंतूशी लढणारी फौज चुकून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर तुटून पडते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, परवा घोटा, नंतर कोपर. याला ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात. हा ताप सांध्यांना नुसता चाटून जातो, चावा घेतो तो काळजाला, असे जुने डॉक्टर सांगत. सांधे आपोआप मोकळे होतात, आईबापांचा जीव भांड्यात पडतो आणि "वाढीचे वय आहे, दुखायचेच" म्हणून विषय संपतो. आत झडपेवर पडलेला व्रण मात्र हळूहळू आवळत जातो.

काही मुलांत सांधे दुखतच नाहीत. हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, हातातला पेला पडतो, अक्षर बिघडते, तोंड वेंगाडले जाते. शाळेत मास्तर रागावतात आणि घरी शेजारीण सांगते, बाहेरचे काहीतरी लागले आहे. आपल्या वस्तीत तरी अशा मुलाला भगताकडे नेण्याचे पाप कुणी करू नये. तोही याच तापाचा प्रकार आहे आणि त्याला इकोच करावा लागतो.

हा रोग कुणाच्या घरी जास्त जातो? जिथे एका खोलीत आठ-दहा माणसे झोपतात, तिथे. जंतू खोकल्यातून पसरतो आणि दाटीवाटी त्याला सोयीची असते. युरोप-अमेरिकेत पेनिसिलीन येण्याच्या आधीपासूनच हा आजार ओसरू लागला होता. घरे मोठी झाली, जेवण सुधारले, हेच त्याचे कारण मानले जाते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून मोकळ्या हवेसाठी मीरा रोडला, नालासोपाऱ्याला आली. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. २०११ ला ती आठ लाखांवर गेली. म्हणजे दाटी आपल्या मागोमाग आली. काशीमीरा, पेणकरपाड्याच्या झोपडपट्टीतली खोली बीडीडीच्या खोलीपेक्षा मोठी आहे, असे कोण म्हणेल?

फुगा, टाका की नवी झडप

झडप अरुंद झाली असेल आणि फार कडक झाली नसेल, तर छाती न उघडता काम भागते. जांघेतल्या शिरेतून नळी घालून तिच्या टोकावरचा फुगा झडपेत फुगवतात आणि चिकटलेल्या पाकळ्या सुट्या करतात. जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी १९८२ मध्ये हा फुगा प्रथम वापरला. त्यापूर्वी, १९५० नंतरच्या काळात आपल्याकडचे सर्जन छातीच्या डाव्या बाजूने हृदयात बोट घालून, केवळ स्पर्शाने, पाकळ्या सोडवीत. चालत्या हृदयात! मुंबईच्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत अशा रीतीने कितीतरी गिरणी कामगारांच्या लेकीसुना वाचल्या. आता फुग्याचा रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो.

झडप गळत असेल तर मात्र फुगा चालत नाही; तिथे छाती उघडावी लागते. इथेच दोन वाटा फुटतात. एक, खराब झडप कापून काढायची आणि नवी बसवायची. दुसरी, स्वतःचीच झडप दुरुस्त करायची.

नवी झडप दोन प्रकारची असते. धातूची झडप वर्षानुवर्षे टिकते. आपल्या देशातही ती बनते : तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली चित्रा झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाला बसवली गेली आणि परदेशी झडपेच्या तुलनेत स्वस्त असल्याने तिने हजारो गरिबांचे प्राण वाचवले. ही गोष्ट अभिमानाची आहे. पण धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरते. म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी, वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम, जन्मभर रोज घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी होऊन झडप अडकते किंवा लकवा मारतो. जास्त झाली तर नाकातून, लघवीतून, कधी मेंदूत रक्तस्राव होतो. दर महिन्याला, निदान दीड-दोन महिन्यांनी आयएनआर नावाची रक्ततपासणी करून मात्रा ठरवावी लागते. दुखण्यावरची कुठलीही गोळी मनाने घेता येत नाही. पालक, मेथीसुद्धा एकदम वाढवायची नाही, एकदम सोडायची नाही. बाजारात आलेल्या नव्या महाग गोळ्यांना तपासणी लागत नाही म्हणतात; पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

पन्नाशीच्या माणसाला हे जमते. पंधरा वर्षांच्या मुलीला पुढची पन्नास वर्षे हे करायचे असते. त्यात तिचे लग्न होणार, तिला दिवस जाणार. वॉर्फरिन गर्भाला बाधते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. गोळी बंद करावी तर आईच्या झडपेवर गुठळी. त्या काळात हेपॅरिनची इंजेक्शने द्यावी लागतात, मोठ्या रुग्णालयात नाव घालावे लागते. एवढे करूनही जोखीम उरतेच. मग दुसरी, जनावराच्या पेशींची झडप का बसवू नये? तिला जन्मभर वॉर्फरिन लागत नाही हे खरे. पण लहान वयात ती लवकर झिजते आणि काही वर्षांत पुन्हा छाती उघडावी लागते.

म्हणून तरुण रुग्णाच्या बाबतीत, आणि मुलीच्या बाबतीत तर खासच, खर्चाच्या आधी विचारायचा प्रश्न असा : "डॉक्टरसाहेब, हिची स्वतःची झडप दुरुस्त होईल का?" आणि त्याला जोडून दुसरा : "आपल्याकडे अशी दुरुस्ती नेहमी होते का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. कारण ऱ्हुमॅटिक झडप दुरुस्त करणे बदलण्यापेक्षा अवघड काम आहे आणि ज्याचा हात त्यात बसला आहे, अशाच सर्जनने ते करावे.

या विद्येचा पाया पॅरिसच्या डॉ. अलाँ कार्पोंतिए यांनी घातला. हृदय-फुप्फुस यंत्रावर रक्ताभिसरण चालू ठेवून हृदय थांबवतात. सर्जन पाकळ्या तपासतो. चिकटलेल्या कडा सोडवतो, जाड झालेला थर सोलून पाकळी मऊ करतो, आखूड झालेल्या पाकळीला रुग्णाच्याच हृदयावरील आवरणाचे ठिगळ लावतो, लांबलेली दोरी आखूड करतो किंवा कृत्रिम धाग्याची नवी दोरी ओवतो. शेवटी झडपेच्या घेराला एक कडी शिवतो, जेणेकरून पसरलेले तोंड पुन्हा मापात यावे. मग आत पाणी भरून पाहतात, गळते का. हृदय चालू झाल्यावर अन्ननलिकेतून इको करून पुन्हा खात्री करतात. गळती राहिली तर तिथेच झडप बदलण्याचा निर्णय होतो. त्यामुळे संमतीपत्रावर दोन्ही शक्यता लिहिलेल्या असतात. ते पाहून नातेवाइकांनी फसवणूक झाली असे समजू नये. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. संपतकुमार यांनी अशा शेकडो तरुण रुग्णांच्या झडपा दुरुस्त करून दाखवल्या. ही केवळ परदेशची विद्या उरलेली नाही.

दुरुस्ती किती टिकते? गोड बोलून उपयोग नाही. पॅरिसच्याच रुग्णालयाने २००१ मध्ये आपल्या ९५१ ऱ्हुमॅटिक रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. सरासरी वय सुमारे सव्वीस. दहा वर्षांनी १०० पैकी ८२ जणांना दुसऱ्या ऑपरेशनची गरज पडली नव्हती. वीस वर्षांनी ५५ जणांना. म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ निम्म्यांना पुन्हा टेबलावर जावे लागले. मी हिशेबातला माणूस आहे. मला या आकड्यात तोटा दिसत नाही. पंधराव्या वर्षी दुरुस्त झालेली झडप पस्तिसाव्या वर्षापर्यंत टिकली, तर त्या वीस वर्षांत मुलगी शिकली, नोकरीला लागली, तिची बाळंतपणे झाली, आणि सगळे वॉर्फरिनवाचून. ही वीस वर्षे कोणत्याही पावतीवर लिहून मिळत नाहीत.

पण दुरुस्तीला उशीर चालत नाही. पाकळीत चुना साठून ती दगडासारखी झाली, की सर्जनच्या हाती काही उरत नाही. आणखी एक बारकावा सांगतो. इकोच्या कागदावर ईएफ म्हणून एक आकडा असतो, हृदयाच्या ताकदीचा. पंचावन्न आला की घरचे म्हणतात, नॉर्मल आहे, घाई कशाला. मायट्रलची गळती मोठी असेल, तर साठच्या खाली उतरलेला आकडासुद्धा हृदय थकू लागल्याची खूण मानतात. "अजून चालतेय-फिरतेय, दिवाळीनंतर बघू" असे म्हणून पुष्कळांनी दुरुस्तीची वेळ घालवली आहे.

एकवीस दिवसांचे इंजेक्शन

ऑपरेशन यशस्वी झाले, छातीचे हाड सहा-आठ आठवड्यांत जुळले, रक्त पातळ करणारी गोळीही साधारण तीन महिन्यांनी बहुधा थांबली. सगळ्यांना वाटते, सुटलो. इथेच मोठी चूक होते. सर्जनने झडप दुरुस्त केली, रोग नाही. घसा पुन्हा त्याच जंतूने धरला, तर ताप पुन्हा येतो आणि शिवलेल्या झडपेवरच जातो. ते टाळण्यासाठी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी घ्यायचे असते. मोठ्यांना बारा लाख युनिट, लहान मुलांना सहा लाख. झडप खराब झालेल्यांना किमान चाळिशीपर्यंत, काहींना त्यापुढेही. वर्षाला सतरा-अठरा, म्हणजे बाराव्या वर्षी सुरू केले तर चाळिशीपर्यंत सुमारे पाचशे इंजेक्शने. एकेकाची किंमत किरकोळ, सरकारी दवाखान्यात मोफत. हिशेब पैशांचा नाहीच, चिकाटीचा आहे.

इंजेक्शन दुखते. दोन दिवस कमरेत ठणका राहतो, कामाचा खाडा होतो. त्यात पुष्कळ खाजगी डॉक्टर रिॲक्शनच्या भीतीने ते टोचायलाच तयार नसतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाला असेच तीन दवाखान्यांतून परत पाठवले. चौथ्या ठिकाणी जाईपर्यंत दोन पाळ्या चुकल्या होत्या. भीती अगदी निराधार नाही, म्हणून ते सोय असलेल्या रुग्णालयातच, चाचणी करून घ्यावे. ज्यांची झडप फारच खराब आहे आणि ज्यांना बसल्या जागी धाप लागते, त्यांना डॉक्टर इंजेक्शनऐवजी रोजच्या गोळ्याही देतात. पण आपल्या मनाने बंद करणे, हे नव्हे.

या साध्या औषधाची ताकद किती? युगांडामध्ये पाच ते सतरा वयाच्या ८१८ मुलांवर अभ्यास झाला. सगळ्यांच्या झडपेवर रोगाची अगदी सुरुवातीची खूण होती, त्रास कुणालाच नव्हता. निम्म्या मुलांना दर महिन्याला इंजेक्शन दिले. दोन वर्षांनी इंजेक्शनवाल्यांपैकी शंभरात एकाहून कमी मुलांची झडप आणखी बिघडली होती. न घेतलेल्यांत शंभरात आठ जणांची. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता एक नाजूक गोष्ट. मुलीच्या छातीवर वीतभर टाक्याची खूण असते. तिचे लग्न ठरताना ती लपवली जाते, आणि खूण लपवली की इंजेक्शनही लपवावे लागते. सासरी दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात कशाला जातेस, या प्रश्नाला उत्तर नसते. मग ते बंद होते. पुढे दिवस जातात, सातव्या महिन्यात धाप लागते आणि सगळे एकदम उघड होते, तेही अवघडलेल्या अवस्थेत. माझे स्पष्ट मत आहे की मुलाकडच्यांना इकोची फाईल दाखवूनच सोयरीक जुळवावी. झडप दुरुस्त झालेली, तब्येत स्थिर असलेली मुलगी संसार करू शकते, डॉक्टरांच्या सल्ल्याने आईही होऊ शकते. ज्यांना फाईल पाहून पाय मागे घ्यायचा आहे, त्यांनी तो लग्नाआधी घेतलेला बरा. आणि मुलाच्या छातीवरची खूण कुणी लपवत नाही, हेही आपण कधीतरी बोलले पाहिजे.

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. आरोग्यसेवा लोकसंख्येच्या मागून धावते आहे. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. मीरा रोडमध्ये वोक्हार्टसारखे मोठे खाजगी रुग्णालय झाले, तिथे हृदयशस्त्रक्रिया होते. केईएम, नायरची गर्दी आणि तारीख आपल्याला परिचयाची आहे. पण १९६८ मध्ये ज्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातले पहिले हृदयरोपण केले, तिथल्या हृदयविभागाला कमी लेखू नये.

पैशाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपांच्या शस्त्रक्रिया बसतात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, २०१७ मध्ये तिला फुल्यांचे नाव मिळाले आणि आता रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर विचारावे आणि आतल्या आरोग्यमित्राला गाठावे. रेशनकार्डावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नाही, म्हणून कागद परत येतात. ते आजच तपासून ठेवा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन २००६ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने आहे. हे सांगितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी आठवत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची शाळा-अंगणवाडीत तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही हा आजार आहे. तपासणीचे पथक शाळेत येईल तेव्हा "घसा वरचेवर धरतो, सांधे सुजले होते" हे वहीत लिहून मुलासोबत पाठवावे, कारण मूल स्वतः सांगत नाही.

आणि दाताचे दुखणे अंगावर काढू नये. किडक्या दातातून जंतू रक्तात शिरून दुरुस्त झडपेवर घर करू शकतो. दात काढायला गेल्यावर आधी छातीवरचा टाका दाखवायचा, मग तोंड उघडायचे. इंजेक्शनच्या तारखेचे म्हणाल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरावर दूधवाल्याचे खाडे जिथे लिहिता, तिथेच लाल पेनाने एकवीस-एकवीस दिवसांवर गोल करून ठेवा. वर्षात सतरा गोल होतात, कधी अठरा.